आई जेवत नाही, की तिच्याने जेववत नाही?

पत्र:

काकू नमस्कार. मी पुण्याला आयटीत आहे. आई ७४ वर्षांची, नागपूरला त्रिमूर्तीनगरात आमच्या जुन्या घरी एकटी राहते. बाबांना जाऊन सव्वा वर्ष झालं. आईला बीपी, शुगर आणि थायरॉईडच्या गोळ्या सुरू आहेत. प्रॉब्लेम तिच्या खाण्याचा आहे. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी थोडासा वरणभात नाहीतर दहीभात, रात्री परत चहा-टोस्ट. डबा लावून दिला तर पंधरा दिवसांत बंद केला, तोही अर्धा कामवाल्या मावशींना द्यायची. ओट्स पाठवले, प्रोटीन पावडर पाठवली, डायटिशियनकडून चार्ट करून घेतला आणि फ्रिजवर चिकटवला, सगळं तसंच पडून आहे. वजन ५८ होतं ते सात-आठ महिन्यांत ५४ झालं. फोनवर विचारलं की म्हणते "जेवली नं बाप्पा". पुण्याला यायला तयार नाही. खूप हट्टी झाली आहे. काय करू?

उत्तर:

बाळा, तुला अरेतुरे करते, राग मानू नको, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे. मी डॉक्टर नाही, होमसायन्स शिकवायची कॉलेजात, रिटायर झाल्यावर आता ओळखीतल्या म्हाताऱ्या मंडळींच्या घरी जाऊन त्यांच्या खाण्यापिण्याचं बघते, बस इतकंच. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्यातला हट्टी हा शब्द मला टोचला. आपल्या भाषेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत बघ, एक म्हणजे माणूस जेवत नाही आणि दुसरी म्हणजे त्याच्याने जेववत नाही. तू पहिली धरून बसला आहेस, मला वाटते तुझ्या आईचं दुसरं आहे.

आधी वजनाचं बोलू कारण ते थांबण्यासारखं नाही. ५८ चे ५४ म्हणजे चार किलो, जवळजवळ सात टक्के. डाएट न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांच्या वर वजन उतरलं तर डॉक्टर लोकं ते सिरियसली घेतात, म्हातारपणी तर जास्तच, कारण त्यात चरबीसोबत स्नायूही जातात आणि मग माणूस खुर्चीतून उठताना हात टेकायला लागतो. त्यामुळे दिवाळीची वाट बघू नको, याच आठवड्यात तिच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन कर, थायरॉईड, शुगर, हिमोग्लोबिन, बी१२ हे तपासून घ्यायचं का ते विचार आणि सगळ्या गोळ्यांची यादी त्यांना परत एकदा दाखव. शुगरसाठी मेटफॉर्मिन असेल तर ती कोणाकोणाला पोटात ढवळल्यासारखं करते, तोंडाला धातूसारखी चव आणते, आणि बरीच वर्षं घेतली तर बी१२ कमी करते. आणि हे खूप महत्त्वाचं, शुगरच्या काही गोळ्या अशा असतात की गोळी घेतली आणि जेवलं नाही तर साखर एकदम खाली जाते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, चक्कर येते. एकट्या घरात ते फार वाईट. तिची गोळी त्यातली आहे का ते डॉक्टरांनाच विचार आणि तिलाही नीट समजावून सांग.

आता दाताचं. तू पत्रात दाताबद्दल एक शब्द लिहिला नाही. तिला कवळी आहे का, तुला माहीत आहे का?

माझ्या सासऱ्यांची गोष्ट सांगते. सासूबाई गेल्यावर ते तीन महिने नुसता दहीभात खाऊन राहिले होते. आम्ही समजलो दुःखाने खात नाही, मी रोज काहीतरी नवीन करून पुढे ठेवायची आणि ते ताट थोडं सरकवून म्हणायचे "आज भूक नाही". एक दिवस धुवायला म्हणून त्यांचा बंडीचा खिसा उलटा केला तर रुमालात गुंडाळलेली खालची कवळी. वजन कमी झालं, हिरड्या आटल्या, कवळी ढिली झाली, घास चावला की हलायची आणि हिरडीला घासून जखम झाली होती. जेवायला बसायच्या आधी ते ती काढून खिशात टाकायचे, आणि सुनेला हे सांगायची त्यांना लाज वाटायची. मेडिकल कॉलेजच्या आवारात आपलं सरकारी डेंटल कॉलेज आहे, तिथे नेऊन कवळी आतून भरून घेतली, जखम बरी झाली, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी स्वतः म्हणाले, भाकर कर आणि वांग्याचं भरीत. मी चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशीच, उभी राहून रडली त्या दिवशी. तीन महिने आम्ही त्यांना समजावून राहिलो होतो की मन रमवा.

म्हणून तुझ्या आईच्या जेवणात टोस्ट, वरणभात, दहीभात हेच का ते बघ. तिन्ही गोष्टी मऊ आहेत, टोस्ट चहात बुडवला की मऊच. पोळी नाही, भाकर नाही, फल्लीदाणे नाही, कच्चं काही नाही. नागपूरचं माणूस आणि सीझनमध्ये संत्रं खात नाही असं असेल तर त्याच्या मागे पण फोडीचा चिवट पापुद्रा, बिया आणि साल काढायला न वळणारं बोट असतं. आणखी एक, पाणी पिताना किंवा वरण गिळताना तिला ठसका लागतो का ते विचार. सारखा लागत असेल तर तो गिळण्याचा त्रास आहे, डॉक्टरांना सांगायचाच.

जिभेचंही तसंच आहे. वय वाढलं की वास आणि चव दोन्ही कमी लागतात, काही गोळ्या त्यात भर घालतात. तुला जे व्यवस्थित लागते ते तिला पाणचट लागते. म्हणून म्हातारी माणसं लोणच्याचा खार बोटाने चाटतात, पापड मागतात, वरून मीठ घेतात, आणि बीपी आहे म्हणून आपण ती बरणीच उचलून ठेवतो. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत हवं हे बरोबर आहे, पण मग त्या जागी दुसरं काहीतरी तिला दे ना. लिंबू, आलं, भरपूर सांभार म्हणजे कोथिंबीर, कढीपत्ता, लसणाची कडक फोडणी, थोडी चिंच किंवा अंबाडी. आपल्या विदर्भाच्या जिभेला झणका लागतो, तिला पंचाहत्तरीत बिनमिठाचे उकडलेले ओट्स देशील तर कशी खाईल ती. (आणि बाजारात ते लो सोडियम मीठ मिळते ते डॉक्टरांना न विचारता आणू नको, त्यात पोटॅशियम असते, किडनी कमजोर असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या असतील तर ते चालत नाही.)

आता स्वयंपाकघरात ये. हे तुला फोनवर दिसणार नाही, त्यासाठी दोन दिवस सुट्टी काढून यावं लागेल आणि मोबाईल बाजूला ठेवून नुसतं तिच्या ओट्यापाशी बसावं लागेल. आमच्या गल्लीत एक आजी आहेत, त्यांच्याकडे मी अशीच बसली होती. त्यांनी मेथीची जुडी घेतली, चष्मा पुसला, काड्या डोळ्यांजवळ नेऊन नेऊन निवडायला लागल्या, पंधरा मिनिटांत अंगठा दाबून धरला आणि जुडी तशीच कागदात गुंडाळून परत फ्रिजमध्ये. मग कुकर. वरणासाठी पाच लिटरचा जुना कुकर, झाकण लावायला दोन्ही हातांनी जोर, ते काही बसेना, तेव्हा कुकरच ओट्याच्या कडेला टेकवून पोटाने दाबला. वाफेचा कुकर पोटाने दाबून लावतात त्या, रोज! मला म्हणाल्या, "भाजी नाही करत मी आता, आवडत नाही." आवडत नाही. त्यांच्या घरी भाजी न आवडण्याचं कारण तो अंगठा, तो मोतीबिंदू आणि तो कुकर.

तुझ्या आईलाही विचारशील तर "आवडत नाही" किंवा "भूक नाही" हेच म्हणेल, कारण हातात जोर राहिला नाही हे मुलाला सांगणं म्हणजे उद्या "आता तू एकटी राहू नको, चल पुण्याला" हे ऐकणं. तिला तिचं घर सोडायचं नाही म्हणून ती सांगत नाही. हे मनात ठेवून विचार.

घराबाहेरचंही आहेच. आपल्याकडे सिमेंटचे रोड झाले आणि जुन्या वस्त्यांत किती घरं रोडच्या खाली गेली, गेटमधून बाहेर पडायचं म्हणजे एक उंच पायरी चढायची, गुडघे धरून. मग भाजी कोणती, तर जी दारावर ठेल्यावर येते ती. ठेलेवाला आलू, कांदे, भेदरं (टोमॅटो), दोडके आणतो, तेच घरात. त्याचा आवाज नाही ऐकू आला तर त्या दिवशी काहीच नाही. आणि एप्रिल-मेमध्ये तर पारा ४५ च्या वर जातो, सकाळी नऊनंतर बाहेर पडायची सोय नाही, स्वयंपाकघरात कूलरची हवा पोचत नाही, त्या भट्टीत उभं राहून पोळ्या लाटायच्या कोणासाठी. ॲपवरून मागव म्हणशील तर ते तिला येते का, की तूच तिकडून ऑर्डर करतो आणि तिला नको असलेली ब्रोकोली येऊन पडते?

पाण्याचंही बघ. रात्री बाथरूमला उठावं लागते, अंधारात पडायची भीती, म्हणून पुष्कळ जणी संध्याकाळी पाचनंतर पाणीच पीत नाहीत. त्यात म्हातारपणी तहानही नीट लागत नाही. पाणी कमी, म्हणून पोट साफ नाही, म्हणून भूक नाही, म्हणून डाळ नको कारण गॅस होतो. औषधाआधी बाथरूमच्या वाटेवर रात्रीचा दिवा लाव आणि भिंतीला पकडायला दांडा लाव, भूक तिथूनही वाढते.

मग भीतीची यादी. शुगरवाल्या डॉक्टरांनी साखर बंद सांगितली, शेजारणीने भात बंद सांगितला, मोबाईलवर कोणीतरी दूध वाईट म्हटलं, बहिणीने केळं नको सांगितलं, बटाटा नको, आंबा नको, तूप नको. सगळ्यांनी काय खाऊ नको तेच सांगितलं. उरलं काय, टोस्ट, ज्याला कोणी नाही म्हटलं नाही, आणि खरं तर शुगरला तोच वाईट, मैदा आणि साखर. तुझ्या त्या चार्टमध्येही नको-नको किती आहे ते मोज. तो फ्रिजवरून काढ बाळा. पन्नास वर्षं जिने घरादाराला जेवू घातलं तिच्या फ्रिजवर तिला काय खायचं त्याचा कागद लावायचा, मला नाही बरं वाटलं.

उपासही मोज बरं. सोमवार, चतुर्थी, एकादशी, बाबा गेल्यावर एखादा वाढवला असेल. सोड म्हणू नको, तो तिचा आधार आहे, फक्त साबुदाण्याच्या जागी भगर, राजगिरा, दाण्याची आमटी, दूध, ताक होते का बघ. शुगरवाल्याने गोळ्या घेऊन कडक उपास करू नये, हे मात्र डॉक्टरांच्या तोंडून तिला ऐकव, तुझं ऐकणार नाही.

आणि शिळं. तुझ्या आईच्या पिढीला टाकवत नाही. एकटीसाठी कितीही थोडं केलं तरी उरते, दुसऱ्या दिवशी ती आधी कालचं संपवते आणि आजचं उद्यासाठी ठेवते, म्हणजे ताजं करूनही रोज शिळंच पोटात जाते. मग एक दिवस ती म्हणते करायलाच नको. पैशाचंही तसंच, पेन्शन येते तरी एका जिवासाठी अर्धा लिटर दूध कशाला म्हणून पाव लिटरच घेते.

आता मुख्य गोष्टीवर येते. सव्वा वर्ष झालं म्हणालास. त्याआधी पंचेचाळीस-पन्नास वर्षं तुझ्या घरात जेवण बाबांच्या घड्याळाने आणि बाबांच्या जिभेने होत असणार. त्यांना पातळ भाजी हवी तर पातळ, त्यांना वांगं चालत नाही तर वांगं घरात नाही. तुझ्या आईला स्वतःला काय आवडते हे तुला माहीत आहे का? अशा कितीतरी बायकांना मी विचारलं तर त्या गप्प होतात, मग म्हणतात "यांना झुणका आवडायचा". ज्याच्यासाठी रांधायचं तो नाही, समोरचा पाट रिकामा, टीव्हीसमोर चहाचा कप धरला की दोन टोस्टवर भागते. आपण माणसं सोबतीने जास्त जेवतो, हे तू तुझ्या ऑफिसच्या कँटीनमध्येच बघ. तू एकटा असतो तेव्हा मॅगीच खातो ना? एकटं माणूस भूक असली तरी ताट वाढून घेत नाही. हे दुःख खूप खोल असेल, झोप नसेल, कशातच मन नसेल, रडू येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचं, त्यावर इलाज आहे आणि त्यात लाजायचं काही नाही. आणि गॅसवर गंज, म्हणजे पातेलं, विसरून जाळते किंवा जेवली की नाही हेच आठवत नाही असं होत असेल तर तेही लपवू नको.

डब्याचं तर मला पत्र वाचतानाच कळलं. ती अकराला जेवत असेल, डबा साडेबाराला. पोळ्या गार होऊन चिवट, भाजीवर तेल, आणि चार पोळ्या एकीसाठी. टाकवत नाही म्हणून मावशींना दिला. मला तर वाटते त्या डब्यातला तिला आवडलेला भाग तोच होता, कोणाला तरी वाढणं.

मग तेच धर ना. मावशींना महिन्याला थोडे पैसे जास्त दे आणि सांग की रोज भाजी निवडून चिरून, कणीक भिजवून, कुकर लावून द्यायचा आणि अकरा वाजता आईसोबत बसून तिथेच जेवायचं. फोडणी मात्र आईच्याच हातची राहू दे, ती तिच्याकडून काढून घेऊ नको. दीड-दोन लिटरचा हलका कुकर आण, ओट्यावर चांगला उजेड पडेल असा बल्ब लाव, बसून चिरता येईल असं उंच स्टूल आण, रोजचे डबे कमरेच्या उंचीवर आण. प्रोटीन पावडरच्या किमतीत हे सगळं नाही आलं तरी अर्धं तरी येईल.

प्रोटीनचं तुला टेन्शन आहे ते बरोबर आहे. या वयात किलोमागे एक ग्रॅम तरी हवं, म्हणजे तिला पन्नास-पंचावन्न ग्रॅम (किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तितकंच). वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅम, कपभर दुधातून साधारण तितकंच, अंडं खात असेल तर एका अंड्यात सहा. चहा-टोस्टमध्ये दोन्ही वेळा मिळून दहाही भरत नाही. पण त्यासाठी क्विनोआ लागत नाही रे. आपला गोळा भात घे, चण्याच्या डाळीच्या भरड्याचे गोळे भातावर वाफवलेले, वरून हिंग-मिरचीचं गरम तेल आणि लिंबू, कवळीलाही मऊ, जिभेलाही झणका. शुगर आहे म्हणून भात थोडा आणि गोळे जास्त. कढी गोळे, मुंगवडीची रस्सा भाजी, ताकातलं पिठलं, दूध घालून मळलेली भाकर कढीत कुस्करून. रात्री टोस्ट सोडवत नसेल तर सोडू नको म्हण, फक्त त्याच्या आधी एक वाटी मुगाचं घट्ट कढण. आणि जेवल्याबरोबर चहा नको, तासभर जाऊ दे, चहाने जेवणातलं लोह अंगाला लागत नाही.

एक काम आज रात्रीच कर. फोनवर "काय जेवली" विचारू नको, त्याचं उत्तर तुला पाठ आहे. तिला म्हण, "आई, तुझ्या माहेरी गोळा भात कसा करायचे, मला करायचा आहे, सांग." डाळ किती जाडसर भरडायची, गोळे फुटू नये म्हणून काय करायचं, तेल कधी ओतायचं हे ती सांगायला लागेल, तू खरंच कर, बिघडला तरी चालेल, आणि व्हिडिओ कॉल लावून तिच्या वेळेला, म्हणजे साडेसातला, जेवायला बस. तुझं जेवण नऊचं असेल तर ते तू बदल, तिचं नको.

येशील तेव्हा आधी डेंटिस्टची वेळ घेऊन ये. दोन महिन्यांनी तिचं वजन किती भरलं ते मला लिही, आणि तुझे गोळे फुटले की राहिले तेही.